झाकण न ठेवता भाजलेलं लेट्यूस

लेट्यूस भाजून खाता येतं हे मला कुणी शिकवलं नाही. अंधेरीच्या ऑफिसातून एकदा उशिरा घरी आले, तेव्हा मुलीने सॅलडसाठी आणलेला लांब पानांचा गड्डा फ्रिजमध्ये मरगळून पडला होता आणि भाकऱ्यांचा तवा अजून गरम होता. गड्डा मधोमध उभा चिरला, कापलेल्या बाजूला तेल चोपडलं आणि तव्यावर पालथा घातला. ताटं घेईपर्यंत तो झालासुद्धा. वरून मीठ, मिरपूड, लिंबू. देठाकडे करकरीत, पानांच्या कडांना जरा करपलेला, आतून अजून गारच. तेव्हापासून ज्या दिवशी कोशिंबीर करायचा कंटाळा येतो त्या दिवशी ताटाच्या डाव्या बाजूला हेच असतं.

पथ्यं दोन-तीनच. गड्डा धुतल्यावर जुन्या पंच्याने नीट कोरडा करायचा. बुडखा कापून टाकायचा नाही, नाहीतर पानं सुटी होतात. तवा चांगला तापलेला हवा, आणि एकदा ठेवल्यावर हलवाहलव करायची नाही. मीठ शेवटी.

हे बाबांच्या उपयोगी पडेल असं मात्र मला फार नंतर सुचलं.

बाबा बोरिवलीला एकटे राहतात. आई गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि त्यात दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. मागच्या वर्षी ते जिन्यात पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. कुकर लावता यायचा, कोळणीने साफ करून दिलेले मासे तळता यायचे. नारळ खवणं, पालेभाजी निवडणं, चिरणं बंद झालं. डबा लावून पाहिला, तो त्यांनी आठवड्यात बंद केला. बाई ठेवायला नकार. मग नुसता डाळभात आणि मासा. कपडे अंगावर लोंबायला लागले.

दादाचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी मुलुंडला त्याच्याकडे यावं, वेळच्या वेळी जेवावं, घर भाड्याने द्यावं. माझा भाऊ वाईट माणूस नाही, उलट जरा जास्तच चांगला आहे. त्याने बाबांना महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर ताटात रोज भाजी दिसली नाही तर तो येऊन घेऊन जाणार होता. बाबा त्याच्याशी वाद घालत नव्हते, आणि मला तेच लक्षण बरं दिसेना.

मी या प्रकरणात भावनेने पडले नाही. त्यांना स्वतःच्या हाताने नीट खाता येत नसेल तर मुलुंडला जाणंच बरोबर, आणि येत असेल तर जायचं कारण नाही, एवढं मला कळत होतं. तेव्हा एका शनिवारी स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडून चार गड्डे घेतले आणि त्यांच्याकडे गेले.

बाबांनी गड्डा उलटसुलट करून पाहिला आणि हा पाला माणसांसाठी आहे का, असं विचारलं. मी त्यांना सुरी धरायला लावली. उजव्या हाताने मूठ फक्त पकडायची, जोर डाव्या तळव्याने पात्याच्या पाठीवर द्यायचा. एकच काप. तेवढी ताकद हातात होती. गड्डा तव्यावर ठेवून दिला आणि मी दोरीवरचे त्यांचे कपडे काढायला गॅलरीत गेले.

परत येऊन पाहते तर लेट्यूसवर स्टीलची ताटली, आणि ताटलीत पाणी.

आमच्या घरी पालेभाजी अशीच व्हायची. माठ असो, मुळा असो, टाकळा असो, झाकणात पाणी ठेवून वाफेवर. आईने आयुष्यभर तसं केलं, बाबांनी ते बघून उचललं. ताटली काढली तर खाली मऊ, काळपट, बुळबुळीत काहीतरी होतं. बाबांनी बोटाने चाखलं.

"शेवाळ," ते म्हणाले.

मी म्हटलं, झाकण ठेवायचंच नाही. त्यांना ते पटेना. कच्च्या पाल्याने पोट दुखलं तर, म्हणाले. हा पाला लोक कच्चाच खातात, त्याला शिजवायचा नाही, नुसता चटका द्यायचा, असं मी सांगितलं. दुसऱ्या गड्ड्याच्या वेळी ते तव्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. स्वतःचा भरवसा नसावा.

हा नीट झाला. त्यांनी दोन घास खाल्ले, मान हलवली आणि विचारलं, "बरा आसा. पण चव खंयसून येतली?" मग बरणीतली सुक्या जवळ्याची चटणी काढून बोटांनी वर भुरभुरली. माझ्या लिंबापेक्षा ते सरस होतं, हे मी तिथल्या तिथे मान्य केलं. उरलेले दोन गड्डे फ्रिजमध्ये ठेवले आणि दादाला फोन करून सांगितलं, उद्या जेवायला ये, बाबा करतायत.

रविवारी दादा आणि वहिनी आले. बाबांनी सुरमई आधीच तळून ठेवली होती. गड्डा चिरून तव्यावर घातला तेवढ्यात दादाने बाहेरून हाक मारली, डॉक्टरांनी दिलेले हाताच्या व्यायामाचे कागद कुठे आहेत म्हणून. बाबा गेले. मी बाहेर ताटं मांडत होते. वहिनी पाणी घ्यायला आत गेली.

मी आत आले तेव्हा गॅस बारीक होता, लेट्यूसवर ताटली होती आणि वहिनी त्या ताटलीत पाणी ओतत होती. धूर यायला लागला होता, बाबांचं लक्ष नव्हतं, मी झाकलं हो, ती म्हणाली. चुकीचं काही केलं असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. तिच्या माहेरीही पाला तसाच शिजत असणार.

मागून बाबा आले, त्यांच्या मागे दादा. दादाने आधी तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी हेच म्हणतोय," तो म्हणाला. "गॅस चालू ठेवून बाहेर आले."

हाक तूच मारलीस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण बाबांनी मला हातानेच थांबवलं. ते वहिनीला म्हणाले, "सूनबाय, तुझा काय चुकला नाय. माझा पण काल असाच झाला." मग ताटली उचलली, बुळबुळीत झालेलं सगळं कचऱ्यात टाकलं, तवा उलथन्याने खरवडला, गॅस मोठा केला आणि फ्रिजमधून शेवटचा गड्डा काढला.

सुरी लावताना त्यांचं उजवं मनगट थरथरलं. ते आम्हा सगळ्यांना दिसलं. दादा सुरी घ्यायला पुढे झाला.

"दादा, थांब ना," मी म्हटलं.

तो थांबला. बाबांनी डावा तळवा पात्यावर ठेवला आणि अंगाचा भार दिला. बुडखा कट्‌ करून उभा चिरला गेला. दोन्ही भाग सारखे नव्हते, एक बराच जाड होता, पण पान एकही सुटलं नाही. तेल, तवा, चरचर. स्वयंपाकघरात धूर झाला, वहिनी खोकली, पण ताटलीकडे कुणाचा हात गेला नाही. बाबा जागचे हलले नाहीत. वेळेवर उलथन्याने दोन्ही भाग उचलले, मीठ घातलं, जवळा घातला.

जेवताना दादाने जाड भाग घेतला. एक घास खाऊन पाहिला. मग विचारलं, "हे रोज खाणार तुम्ही?"

"रोज कित्याक? मी काय आरेच्या गोठ्यातली म्हस आसंय?"

आधी वहिनी हसली, मग दादा. बाबा हसले नाहीत. टोमॅटो, ढबू मिरची, वांगं, जे एका कापात दोन होतं ते सगळं असंच तव्यावर टाकणार, असं त्यांनी सांगितलं. जणू ही यादी त्यांच्याकडे कधीपासूनच तयार होती. मग ताटात बघत म्हणाले, "मुलुंडाक माका कसलोच त्रास नाय रे. पण थंय माका कोण कायच करूक देणा नाय."

वहिनीचा चेहरा पडला. ते मुलुंडला गेले की ती प्रेमानेच त्यांच्या हातातलं भांडं काढून घ्यायची, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही. पण बोलणं खोटं नव्हतं, म्हणून कुणी सारवासारव केली नाही.

दादा पाणी प्यायला आणि त्याने अटी घातल्या. हाताचा व्यायाम चुकवायचा नाही. गॅस चालू असताना बाहेर जायचं नाही, कुणी हाक मारली तरी. जिन्याला कठडा तो स्वतः सोसायटीशी बोलून लावून घेणार. बाबांनी तिन्ही अटी मान्य केल्या आणि त्याच्या ताटात सुरमईचा आणखी एक तुकडा वाढला.

मुलुंडला त्यांच्यासाठी रिकामी केलेल्या खोलीत पुढच्या महिन्यात वहिनीने तिचं शिवणयंत्र मांडलं.