डावा डोळा

परदेशात, बुकित पंजांगला येऊन आम्हाला दोनच महिने झाले होते, तेव्हा मुलीच्या शाळेतल्या नर्सचा फोन आला. ती भराभर बोलत होती. मला ‘आय’, म्हणजे डोळा, आणि ‘हॉस्पिटल’ एवढंच कळलं. इंग्रजी समजत नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी “ओके, ओके” म्हणत राहिले. तिने आणखी दोनदा फोन केला, तेव्हाही तेच. नवऱ्याला म्हटलं, नेहमीची तपासणी होती.

दोन वर्षांनी त्याच नर्सने मला शाळेत बोलावलं. पन्नाशीची, ठेंगणी चिनी बाई. बोलण्याआधी तिने माझा चेहरा नीट पाहिला. मग तळहाताने स्वतःचा डावा डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवला. नंतर उजवा झाकला, मुलीचं नाव घेतलं आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

“डावा डोळा,” ती सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. “तेव्हा उपचार केले असते तर बरा झाला असता. आता डॉक्टर प्रयत्न करतील. पण फार उशीर झाला.”

माझ्या तोंडून सवयीने “ओके” निघून गेलं.

तिने डोळे मिटून घेतले. “तुम्हाला कळतंय असं वाटायचं मला,” ती म्हणाली. “कळलं का, हे मी एकदाही विचारलं नाही.”

चूक तिची नव्हती, माझी होती. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कळेना. ती माझा हात धरून बसली आणि शेजारच्या वर्गातून मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत राहिला.