लपवलेला रकाना

कारखान्यात तिला सगळे कंसबाई म्हणत. औषधाच्या गोळ्या डब्यांत भरणाऱ्या एकशे चाळीस माणसांच्या पाळ्या ती एक्सेलमध्ये लावायची, आणि एकेका फॉर्म्युल्यात इतके कंस की कुठला कुठे मिटतो ते पडद्यावर बोट ठेवून मोजावं लागे. जेवणाच्या सुट्टीत बायका नक्कल करायच्या, "उघडला, उघडला, मिटला!" ती हसण्यावारी न्यायची. त्या फाइलीला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

फाइलीत एक रकाना लपवलेला होता. अकरा वर्षांपूर्वी थोरले दीर अंथरुणाला खिळले, तेव्हा पॅकिंगवरच्या जाऊबाईंना रात्रपाळी लागू नये म्हणून तिने तो घातला. नावापुढे आकडा टाकला की फॉर्म्युला त्या माणसाला रात्रपाळीतून गुपचूप वगळायचा. मग फक्त घरच्याच माणसाचं भलं केलं म्हणून मन खाऊ लागलं. कुणाची कंबर गेलेली, कुणाचं मूल आजारी, कुणाला रात्री नीट दिसत नाही. ती कान उघडे ठेवायची आणि आकडा टाकायची. अडचण जेवढी मोठी, तेवढा आकडा मोठा. असे एकोणीस जण झाले. एकालाही पत्ता नव्हता.

नवे साहेब आले. म्हणाले, "हे सगळे फॉर्म्युले मॅक्रोत बसवा. बटण दाबलं की महिन्याच्या पाळ्या तयार. तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतंय?"

बाई हुरळली. दीड महिना राबली. फॉर्म्युला सोडवायचा, एकेका कंसामागची अट साध्या ओळीत लिहायची, उत्तर जुन्या फाइलीशी ताडून बघायचं. आठ कंसांची गाठ सहा ओळींत सुटली की त्या दिवशी घरी जाताना ती गुणगुणायची.

"हा लपवलेला कॉलम कशाचा?" साहेबांनी एकदा विचारलं.

जुना आहे, काढून टाकते, एवढंच म्हणायचं होतं. पण अकरा वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी साधा प्रश्न विचारला नव्हता. तिने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, एकेक आकडा, एकेक घर. साहेब मध्येमध्ये "वा!" म्हणत होते. मूर्खपणा म्हणतात तो हाच. पण करताना माणूस किती सुखात असतो!

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. पंधरा माणसं कमी करायचा वरून हुकूम होता.

"तुमचा कॉलम आयताच आहे. मोठा आकडा वर असा क्रम लावा आणि वरची पंधरा नावं वेगळ्या पानावर काढा. किती ओळींचं काम?"

"चार," ती म्हणाली. जीभ झडली नाही. मग म्हणाली, "साहेब, ते मी त्यांना सांभाळून घ्यायला लिहिलं होतं."

"म्हणूनच तर ते खरं असणार ना?"

जाऊबाईंचा आकडा पुसायला तिने हात घातला, तर रकान्याला कुलूप. पासवर्ड साहेबांकडे. तिने चार ओळी लिहिल्या. कधी नव्हे तो मॅक्रो पहिल्या फटक्यात चालला. तिने तीनदा तपासला. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःची चूक हवी होती, आणि ती सापडेना. यादीत पहिलं नाव जाऊबाईंचं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी तिला जिन्यातच गाठलं. हातात पत्र होतं.

"अगं, तू वर साहेबांजवळ बसतेस. सांग ना त्यांना. अकरा वर्षांत मला एकदाही रात्रपाळी लागली नाही, मी आपलं नशीब समजत होते. कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असेल. आता म्हणावं, सगळ्या रात्री करते. यांच्याकडे रात्री शेजारीण बघेल. पण काढू नका."

"सांगते," कंसबाई म्हणाली.

वर जाऊन ती जागेवर बसली आणि नव्या महिन्याचं बटण दाबलं. एकशे पंचवीस माणसांच्या पाळ्या डोळ्याचं पातं लवायच्या आत लागल्या.