वळणावरचा पोरगा

परदेशातल्या स्पर्धेत चार बाय शंभर मीटर रिलेचं ब्राँझ घेऊन मी सोलापूरला उतरलो, तर सात रस्ता चौकात माझा फ्लेक्स लागलेला. रिक्षातून दिसला आणि मी रिक्षा थांबवायला लावली. फ्लेक्सवर मी छाती पुढे काढून शेवटची रेषा ओलांडत होतो. तोंड माझं, पण धड आमच्या चौथ्या पळणाऱ्याचं! पंजाबचा तो गडी माझ्याहून वीतभर उंच. त्याच्या खांद्यावर माझं मुंडकं चिकटवलेलं, आणि खाली गल्लीतल्या सगळ्या पोरांची गॉगल लावलेली तोंडं.

माझं डोकंच फिरलं. फ्लेक्स लावणारी पोरं समोरच चहा पीत उभी होती.

"कुणी केलं रे हे?"

"आमीच की! कसं झालंय? आता पार्टी पायजे."

"अरे, ही रेषा मी ओलांडलीच नाही. मी वळणावर पळालो, तिसऱ्या नंबरला. ही छाती माझी नाही!"

"मेडल गळ्यात हाय न्हवं? मग कुटं का पळंनास!"

झालं! आता यांना काय सांगायचं? रिलेत चौघं पळतात, ज्यानं त्यानं आपले शंभर मीटर. हातातली नळी, म्हणजे बॅटन, पुढच्याच्या हातात द्यायची. पहिला सुटतो त्याचा फोटो निघतो, शेवटचा पोचतो त्याचा तर निघतोच निघतो. तिसरा पळतो वळणावर, तिथं कॅमेरा कमीच फिरकतो. वळणावर अंग बाहेर फेकलं जातं. ते आत झुकवून धरायचं, वेग तसूभर सोडायचा नाही, आणि पुढचा गडी मागं न बघता जो हात मागं करतो त्यात बॅटन बरोबर ठेवायचं. ठरलेल्या पट्ट्याच्या आत ते दिलं गेलं नाही तर चौघंही बाद. हे काम मला येतं. झकास येतं. वळणावर मला मागं टाकणारा कुणी असेल तर त्यानं समोर यावं, यात उगाच लाजायचं कशाला? मग उसनं धड मला हवंय कशाला?

पोरांनी कुरकुरत फ्लेक्स उतरवला. "लई शाना झालाय," असंही एक जण म्हणाला. म्हणू दे.

पण खरा घोळ पुढेच होता. जवळच आमच्या आण्णांचं पंक्चरचं दुकान. पोराची शर्यत बघायला ते कधी मैदानावर आले नाहीत, कारण दुकान बंद ठेवून चालायचं नाही. मला बघून त्यांचे डोळे भरले, पण पहिलं वाक्य आलं ते असं:

"फ्लेक्स का रं काढलास? ब्येस होता की! मी शर्यत बगितली न्हवं फोनवर. शेवटाला कसला सुटलास! मी हितं उभा राहून टाळ्या वाजवल्या."

शेवटाला! म्हणजे माझ्या बापानं जन्मात पहिल्यांदा माझी शर्यत बघितली, आणि टाळ्या वाजवल्या त्या पंजाबच्या पोराला. फ्लेक्सचा राग परवडला, हे मला सोसवेना.

"आण्णा, हात पुसा. हिकडं बसा."

टायर बुडवायच्या पाण्याच्या टपाशेजारी स्टुलावर त्यांना बसवलं, फोनवर शर्यत लावली आणि वळणावर बोट ठेवलं. "हा मी. बॅटन हातात आलं तेव्हा आम्ही पाचवे होतो. आता बघा."

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "परत लाव."

परत लावली.

"तू वाकडा हून पळतूस की रं! पडशील न्हवं!"

"पडलो का?"

"न्हाय." ते फोनवर आणखी वाकले. "आन् हितं हातातलं देताना तिसरा हायस तू. दोगांना खाल्लंस की!"

"व्हय!" मी म्हणालो, आणि माझाच आवाज चिरकला. मेडल घेतानाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

"आन् ह्यो शेवटचा?"

"तो मी नाही, आण्णा. आमचा पंजाबचा गडी. बाकीचं त्यानं केलं."

तो व्हिडिओ मी त्यांच्या फोनवर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर एक गिऱ्हाईक, पंक्चर निघायची वाट बघता बघता, आण्णांच्या फोनमध्ये डोकं घालून बसलेलं. आण्णा काळं झालेलं बोट काचेवर फिरवत त्याला वळणावरचा मी दाखवत होते. माझ्या हातातून बॅटन सुटलं, पुढच्याच्या हातात गेलं, आणि आण्णांनी व्हिडिओ बंद केला.

"आवो, लावा की फुडं!" गिऱ्हाईक ओरडलं. "पोचलं का न्हाय त्ये तरी बगू द्या!"

आण्णांनी फोन खिशात टाकला आणि टायर उचललं.

"माझं पोरगं हितंवरच हाय," ते म्हणाले. "फुडचं त्या पंजाबच्या पोराचं. त्ये त्याचा बाप दावंल."