हमूर, लिंबू आणि निकोसाहेबांची वाईन

अशा गोष्टी मुद्दाम कोणी जमवत नाही. कपाटामागे धूळ साठावी तशा त्या साठतात आणि झाडायला घेतल्या की ठसका आपल्यालाच लागतो.

साठच्या दशकात बर दुबईला खाडीकाठी निकोसाहेब या ग्रीक व्यापाऱ्यांची पेढी होती. भूमध्य समुद्राकाठची पांढरी वाईन ते परदेशी कंपन्यांच्या क्लबांना पुरवीत. तीन जातींच्या द्राक्षांची, गोडवा मुळीच नसलेली. माझे यजमान तिथे कारकून. मी जुनी मॅट्रिक, म्हणून साहेबांच्या जेवणघराची देखरेख माझ्याकडे. स्वयंपाकी रत्नागिरीकडचे हसनमियाँ. आम्ही दोघेही त्या बाटलीपासून चार हात दूर!

•

साहेब त्या वाईनला आपली पोर म्हणत. हसनमियाँनी एकदा तिच्यासोबत तिरफळ घातलेले बांगड्याचे झणझणीत तिखले वाढले. साहेबांनी एक घास घेतला, एक घोट घेतला आणि कपाळाला हात लावला.

"हसन, तुझ्या बांगड्याने माझ्या पोरीला घराबाहेर काढले!"

"साहेब, पोर नाजूक असली तर सासर बघून द्यावी!"

तेव्हापासून तिचे सासर ठरले. निखाऱ्यावर भाजलेला हमूर मासा, वर लिंबू, मीठ आणि ऑलिव्हचे तेल.

•

एका क्लबच्या मॅनेजरना मासे चालत नसत. साहेब म्हणाले, "सकाळपर्यंत जे पोहत होते, तेच हिच्यासोबत खावे."

हसनमियाँ कोंबडी घेऊन दारात उभे. "मघाशी धुतली, तेव्हा पोहलीच की ती!"

•

पुढे साहेबांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "बाई, माझे नाक खलास," एवढेच ते म्हणाले. ही गोष्ट फुटली असती तर त्या वाईनची एजन्सी गेलीच असती. चव न कळणाऱ्याकडून वाईन कोण घेणार?

"पिऊ नका. फक्त हुंगा आणि सांगा," त्यांनी आम्हाला विनवले.

मी म्हणाले, "चिरलेली कैरी." हसनमियाँ म्हणाले, "भिजलेला कातळ."

साहेबांनी गिऱ्हाइकाला अगदी तसेच सांगितले. गिऱ्हाईक उद्गारले, "काय हे तुमचे नाक!"

साहेब हसले नाहीत.

•

एजन्सी साहेबांकडे ठेवावी की काढून घ्यावी, हे ठरवायला ती वाईन करणारे वृद्ध गृहस्थ स्वतः आले. बोटीतून उतरलेली पेटी धक्क्यावर उन्हात राहिली होती. त्यातलीच बाटली पाहुण्यांनी स्वतःच्या हाताने उघडली. हुंगून सांगायला आम्हाला सवडच मिळाली नाही. शिरक्यासारखा आंबट दर्प मला दारापाशी जाणवला!

साहेबांनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "हमूरला याहून योग्य जोडी नाही."

पाहुण्यांनीही एक घोट घेतला होता. ते साहेबांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पेला रिकामा केला आणि आणखी एक भरून मागितला. एजन्सीचा विषय त्यांनी काढलाच नाही. निघताना साहेबांचा हात मात्र कितीतरी वेळ धरून ठेवला.

पाहुणे गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "बाई, खरे सांगा. आंबली होती का?"

मी बूच शोधून बाटलीवर घट्ट बसवले.

ताटल्या उचलता उचलता हसनमियाँ म्हणाले, "साहेब, त्यांनी दोन पेले घेतले."