सरांच्या टॅबातला कॉम्प्युटर

आमच्या शाळेत मी धरून शिक्षक तीन, खोल्या दोन अन् टॅब एक. पण चार लोक बसले की किस्से सगळे त्या टॅबचेच निघतात. मी काही मुद्दाम जपून ठेवले न्हाईत, आपोआप साठत गेले.

गाव चाकूरच्या पुढं. आमचे हेडमास्तर बिराजदार सर नांदेडला लग्नाला गेले अन् येताना टॅब घेऊन आले. म्हणाले, "हा मोबाईलवाला टॅब न्हाई. आत अख्खा कॉम्प्युटर हाय. अन् स्वस्तात पडला."

चालू केला तर खरंच टेबलावरच्या कॉम्प्युटरसारखा पडदा उघडला! फक्त अक्षरं मुंगीएवढी. माझं बोट जाडजूड. हजेरीची फाईल उघडायला जावं, तर तीच बंद व्हायची. शेवटी जाधव मॅडमनी करंगळीनं उघडली. तेव्हापासून ऑफिसचं सगळं काम मॅडमच्या करंगळीवर.

उन्हाळ्यात तो टॅब तव्यासारखा तापायचा. एका दुपारी बघतो तर जागेवर न्हाई. सर म्हणाले, "चोरी झाली म्हणून लिहून द्यावं लागतंय आता." मी कपाटं उचकून राहिलो, मॅडम दप्तरं तपासून राहिल्या. शेवटी सापडला, कुठं? माठाला टेकून, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या सरूमावशींचं काम. पुसून, भीत भीत बटण दाबलं, तर चालू झाला.

मावशी म्हणाल्या, "ताप उतरला का न्हाई? लेकराला न्हाई का आपण पट्ट्या ठेवत?"

त्या टॅबला भोक पण एकच. चार्जर लावा न्हाईतर पेनड्राईव्ह. निकालाच्या दिवशी चार टक्के चार्जिंग अन् सगळे मार्क पेनड्राईव्हमध्ये. मी वाचून राहिलो, मॅडम कागदावर उतरवून राहिल्या. चौथीचं शेवटचं पोरगं पास झालं अन् पडदा काळा झाला.

एक माझाच गाढवपणा सांगतो. टॅब रोज म्हणायचा, जागा संपली. मी स्नेहसंमेलनाचे फोटो उडवले, तरी तेच. मग आत एक 'सिस्टीम' नावाचा मोठ्ठा फोल्डर दिसला. म्हटलं, आपण तर हे कधी उघडलंच न्हाई, कुणाचंय? तो टॅब 'नको नको' म्हणत होता, मी 'हाव हाव' दाबत गेलो. मग जे बंद पडला ते पडलाच. लातूरच्या दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, टॅब नीट करून दिला अन् थंडपणे विचारलं, "सर, घर झाडताना भिंती पण झाडून टाकल्या का?"

पण खंडेनवमीला झालं ते वेगळंच.

जाधव मॅडमचा नवरा अन् सहा वर्षांची पोरगी मुरुडला. मॅडम इकडं खोली करून एकट्या. चार वर्षं नुसती शनिवारची एसटी. त्या साली बदल्यांचे ऑनलाईन फॉर्म निघाले. पसंतीची गावं क्रमानं भरायची, अन् एकदा फॉर्म सादर केला की बदल न्हाई. मॅडमनी पहिल्या नंबरला मुरुड टाकलं. मग कुणीतरी कान भरले, मुरुडला लई जण टपलेत, हातचं पण जाईल. मॅडम रोज मुरुड काढायच्या अन् रोज परत टाकायच्या.

सर म्हणायचे, "राहू द्या मुरुडच."

"अन् न्हाई मिळालं तर, सर? पार टोकाला फेकतील. मग शनिवारची भेट पण गेली."

शेवटच्या तारखेलाच खंडेनवमी आली. मॅडम म्हणाल्या, "मुरुड काढतेच आता." तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला अन् त्या व्हरांड्यात गेल्या. टेबलावर टॅबमध्ये फॉर्म उघडाच, मुरुड अजून पहिल्या नंबरला. सर पूजेचं ताट घेऊन निघाले. ज्यावर पोट चालतं, त्याला खंडेनवमीला हळदकुंकू लागतंच. घंटा झाली, पट्टी झाली, स्टेपलर झाला. मग टॅब.

मॅडम आत आल्या, तर पडद्यावर 'आपला अर्ज सादर झाला आहे.'

मॅडम मटकन खाली बसल्या. "सर, हे काय केलं हो तुम्ही?"

"पूजा केली, मॅडम," सर म्हणाले.

महिनाभर मॅडम सरांशी बोलल्या न्हाईत. हजेरीची सही पण सरांकडं पाठ फिरवून करायच्या. मग यादी लागली. जाधव मॅडम, मुरुड. त्यांनी ते तीनदा वाचलं. पोरीला फोन लावला. नुसतं "अगं... अगं..."

दुसऱ्या दिवशी पेढे आले. मॅडम वर्गात गेल्यावर मी सरांना गाठलं. पूजेनंतर तो टॅब मीच पुसला होता.

"सर, 'सादर करा' दाबलं की तो फॉर्म परत विचारतो, नक्की का? मग वरच्या कोपऱ्यात 'हो' दाबावं लागतं. घंटेला, पट्टीला हळदकुंकू शेजारी शेजारी लावलं होतं तुम्ही. अन् टॅबला हळद खाली 'सादर करा'च्या जागी, कुंकू पार वर 'हो'च्या जागी. कसं काय?"

सरांनी माझ्या हातात आणखी एक पेढा ठेवला अन् ते घंटा द्यायला उठले.