पाहुण्यांनी न खाल्लेली भाकरी

परदेशातून सेवेला आलेल्या त्या गोऱ्या मंडळींवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

सत्तर सालाच्या पुढेमागे असेल. कडाव गावाच्या वर डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे. तिथलं गवत मी दरसाल विकत घेऊन मुंबईच्या तबेल्यांना घालायचो. डोक्यावर भारे वाहून धंदा सुरू केलेला माणूस मी. टेंपो झाला तो स्वतःच्या जिवावर. मुंबईच्या एका मिशनने त्या वाडीत शाळेची खोली बांधायला घेतली होती. भिंती उभ्या होत्या. छप्पर घालायला वीस गोरी माणसं एक दिवस सेवेला येणार होती. कौलं माझ्या टेंपोतून पायथ्यापर्यंत जाणार, पण पुढच्या चढणीला वाडीचेच हात हवे होते. म्हणून मिशनच्या साहेबाने बोलणी करायला मला पाठवलं.

वाडीत एका म्हातारीचा शब्द चाले. मजुरीचं काढताच ती म्हणाली, "शाळा आमच्याच पोरांची, मजुरी कशाला? पर पावणे आमच्या दारात जेवतील. उपाशी पावणा वाडीतनं जात नाय."

इतका स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता. "सगळे जेवतील, माझा शब्द," म्हणालो.

त्या दिवशी सकाळपासून चढणीवर माणसांची रांग लागली. कौल या हातातून त्या हातात वर जात होतं. मध्ये मध्ये गोरी पोरंही उभी होती, उन्हाने लाल झालेली. कामाला कुचराई केली नाही, हे कबूल. दुपारपर्यंत निम्मं छप्पर झालं. बायांनी घराघरातून पीठ गोळा करून नाचणीच्या भाकऱ्या केल्या होत्या, वालाची आमटी केली होती. पळसाची पानं मांडून झाली.

आणि पाहुण्यांनी आंब्याखाली बसून आपले पत्र्याचे डबे उघडले! डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि पाव खायला लागले.

मी साहेबाला गाठलं. "अहो, पानं तिकडे मांडलीत."

"डॉक्टरांचा हुकूम आहे शेट. मागच्या गावी तिघं आजारी पडली."

"मग हे मी शब्द द्यायच्या आधी सांगायचं! आणि तव्यावरच्या भाकरीत कसला आलाय रोग?"

"ते सेवा करायला आलेत, जेवायला नाही."

माझं डोकंच फिरलं. "दुसऱ्याच्या हातचा घास गिळवत नाही आणि सेवा कसली करता?"

माझा आवाज साऱ्या वाडीने ऐकला. रांगेतली माणसं कौलं ठेवून खाली बसली. म्हातारी माझ्यापाशी आली.

"त्यांच्यावर कशाला वरडतोस रं? तू किती वर्सं येतोस हितं?"

"अकरा-बारा."

"कंदी जेवलास? तुजं भाकरीचं फडकं टेंपोत असतं, आमाला काय दिसत नाय?"

मागून एक बाई म्हणाली, "शेटला बी डाक्टरनं सांगितलं आसंल गं!" सगळ्या खदखदून हसल्या.

मला डॉक्टरचंही निमित्त नव्हतं. जाऊन पानावर बसलो. थोड्या वेळाने गोऱ्यांतली एक पोक्त बाई आपला डबा मिटून माझ्याशेजारी येऊन बसली. साहेब तिला परत बोलावत राहिला. तिने लक्ष दिलं नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने.

हात धुताना म्हातारी मला म्हणाली, "दोघं जेवली. दोन वळी कौलं आमी नेतो."

"पाच तरी ने!"

"मंग आनखी तिघं बसव."

कोणी बसलं नाही. दोन ओळी वर गेल्या आणि वाडी आपापल्या घरी गेली. पाहुण्यांनी कौलं चढलेल्या बाजूने फोटो काढले आणि निघून गेले. उरलेलं छप्पर दुसऱ्या दिवशी वाडीने स्वतःच घातलं. त्या रांगेत मीही होतो.

पुढे ती म्हातारी मला जेवू घातल्याशिवाय गवताच्या भावाचं बोलेचना. पोटभर जेवल्यावर जेवू घालणारीशी तावातावाने भांडता येत नाही, हे ती पक्कं ओळखून होती. दरसाल मी तिथून चढा भाव कबूल करून उतरायचो, आणि उतरताना त्या पावाच्या डब्यांना शिव्या घालायचो.