गोत्र ठाऊक नसलेल्यांचं तर्पण

अप्पा गेले ते सयामच्या जंगलात. लढाईत जपान्यांनी तिथं आगगाडीचा रस्ता करायला मलायातून हजारो माणसं नेली. त्यात रबराच्या मळ्यातले तमिळ मजूर होते, आणि त्याच मळ्याच्या कचेरीतले दोन तंजावरी कारकून, म्हणजे अप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ. काका तेवढे मद्रासला परत आले.

पुढे आपल्या सरकारनं जपानशी तह केला, नुकसानभरपाईही मागितली नाही. मी तेव्हा शाळेत होते आणि जात्याच तापट. पेपर टराटरा फाडला. काका एवढंच म्हणाले, "बरं झालं की." मला त्यांचा भयंकर राग आला.

पण त्याच काकांचं महालय अमावास्येचं तर्पण मी दरवर्षी थक्क होऊन ऐकायची. आजोबा, पणजोबा, अप्पा झाले, की पुढे मजुरांची नावं सुरू व्हायची. छावणीत पहाटेची हजेरी काका घ्यायचे, त्याच क्रमानं, एकही न चुकता. मजुरांचं गोत्र कुणाला ठाऊक? अशा वेळी काश्यप म्हणायचं, हा आपला रिवाज. पहिल्या वर्षी वाध्यारांनी, म्हणजे आमच्या भटजींनी, नाक मुरडलं होतं. सोवळ्यात बसून ही कसली नावं? काका म्हणाले, "तिथं एका डब्यातलं पाणी प्यालो आम्ही. इथं कां देऊ नये?" वाध्यारांनी पुढचा मंत्र सुरू केला. एवढी माणसं मनात घेऊन हा माणूस रोज बस पकडून कामावर कसा जातो, याचं मला नवल वाटायचं.

मी शाळेत शिकवायला लागले त्या वर्षी काकांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली, आणि ती बसवायला एक जपानी इंजिनियर. काकांनी त्याच्यापुढं त्याच्या भाषेत एक ते दहा आकडे मोजले. कुठं शिकलात, त्यानं विचारलं. काकांनी सांगितलं. रविवारी तो मैलापूरला आमच्या दारात उभा! कमरेत वाकला तो सरळच होईना. त्याचा थोरला भाऊ सयामच्या त्याच आगगाडीच्या रस्त्यावर पहारेकरी होता. तापानं गेला, हाडंही घरी आली नाहीत. मी त्याला बसा म्हटलं नाही. काकांनी मात्र कॉफी दिली आणि भावाचं नाव विचारून घेतलं.

कशाला, ते अमावास्येला कळलं. काकू गेल्यापासून काकांच्या ओंजळीत पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. हजेरी संपली. मी तांब्या खाली ठेवला, तोच काकांनी पुन्हा तीळ घेतले. काश्यप गोत्र, आणि पुढे ते जपानी नाव.

"नाही!" मी ओरडलेच. "अप्पांच्या पाण्यात पहारेकरी? त्याला तरी गाळा, नाहीतर अप्पांचं नाव घेऊ नका."

काकांची ओंजळ तशीच राहिली. मान वर न करता ते म्हणाले, "पहारेकरी काठी घेऊन उभा असायचा. नावं मी वाचायचो. ताप असो, हगवण असो, नाव वाचलं की उठायलाच लागायचं. तुझा अप्पा तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी त्याचंही नाव वाचलं मी. माझ्या तोंडून ऐकलं म्हणून उठला तो. संध्याकाळी नव्हता." मग म्हणाले, "त्या पोराला गाळायचं, तर इथून आधी मीच उठतो."

इतकी वर्षं मी त्या नावांना नुसती आठवण समजत होते. मला काकांची भीती वाटली, दया आली, आणि त्यांच्याएवढं मोठं माणूस मी पाहिलं नाही असंही वाटलं. सगळं एकदम. मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं, कारण तीळ उजव्या मुठीत धरून तांब्याकडे त्यांनी स्वतःच डावा हात नेला.

मी तांब्या उचलला.

"काका," मी म्हणाले, "अप्पांचं नाव पुन्हा एकदा घ्या. मग त्याचं."